उजव्या चाकाचा खालचा बोल्ट

ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरायचं. आधी फक्त वेगात असताना, मग पुढे पुढे साठच्या वेगालाही. पुढची चाकं काढून ब्रेकच्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि पॅड ज्यांना दाबून धरतात त्या चकत्या, पाहिल्या तर बाहेरच्या कडेला बोट अडकेल एवढी धार उभी राहिलेली. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. माझ्या गाडीच्या डिस्कवर २० मिलिमीटर लिहिलं होतं, आणि ती धार टाळून मायक्रोमीटर लावला तर भरली साडेएकोणीस. म्हणजे नुसते पॅड बदलून भागणार नव्हतं, डिस्कच बदलायची होती.

हा फरक आधी सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं. पॅड बदलायचे असतील तर कॅलिपरचे, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे, दोन पिन-बोल्ट सोडले की कॅलिपर बाजूला घेता येतो. ते बोल्ट लहान, फारसा जोर लागत नाही. डिस्क काढायची तर मात्र कॅलिपर ज्यावर बसतो ते बिडाचं ब्रॅकेटही उतरवावं लागतं, आणि ते धरून ठेवणारे दोन बोल्ट दणकट असतात. माझ्या गाडीत ते १२ मिलिमीटर जाडीचे, १.२५ पिचचे (म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर), १७ च्या पान्याचे. मॅन्युअलप्रमाणे ते १०७ न्यूटन मीटरला आवळायचे; न्यूटन मीटर म्हणजे फिरवण्याच्या जोराचं माप. गाडी अकरा वर्षांची, आणि एवढ्या वर्षांत या बोल्टांना कुणी हात लावल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

शनिवारी सकाळी डाव्या चाकापासून सुरुवात केली. मागच्या चाकांना उटी लावली, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक, मग स्टँड. काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवलं. स्टँड निसटलाच तर गाडी त्या चाकावर बसेल, माझ्यावर नाही. हे मी कधीच चुकवत नाही. स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं. माझ्या गाडीत कॅलिपर चाकाच्या मागच्या अंगाला आहे, त्यामुळे स्टेअरिंग उजवीकडे गेलं की डाव्या चाकाचं मागचं अंग बाहेर येतं आणि बोल्टची डोकी थेट डोळ्यांसमोर येतात. रिंग पान्याला दीड हाताचा पाईप लावला, एक हिसका, टक्‌ असा आवाज, आणि बोल्ट सुटला. दुसराही तसाच. दुपारच्या आत डावी बाजू नवी डिस्क घालून बंद झाली.

उजवीकडे आलो तेव्हा हात तापलेला होता. स्टेअरिंग अजून उजवीकडेच होतं. या बाजूला ते डावीकडे वळवायला हवं होतं. उजवीकडे असल्यामुळे ब्रॅकेट आत, अंधारात गेलेलं. पण गाडी वर चढवून झाली होती, किल्ली घरात होती, आणि बोल्ट हाताला लागत होता. मी मडगार्डखाली हात घातला, चाचपून रिंग पाना खालच्या बोल्टवर बसवला, पाईप लावला आणि ओढलं.

बोल्ट हलला. अगदी थोडा, पण हलला. मला बरं वाटलं. पुन्हा ओढलं, पुन्हा केसभर. तिसऱ्यांदा तो थांबला, म्हणून मी पाय टेकवून सगळं वजन टाकलं. पाना एकदम मोकळा फिरला आणि माझी बोटं डिस्कच्या त्याच उभ्या धारेवर आपटली.

रक्त पुसून येईपर्यंत मुलगी टॉर्च घेऊन तिथे बसली होती. ती गाडीच्या पुढच्या अंगाला होती, तिथून तिला बोल्टचं डोकं दिसत होतं. म्हणाली, “बाबा, हा उलटा नाही का फिरवायचा? तुम्ही घड्याळासारखा फिरवत होतात.”

तिचं बरोबर होतं. बोल्टचं डोकं गाडीच्या आतल्या बाजूला तोंड करून असतं आणि मी बाहेर बसलेलो. बाहेरून पाहणाऱ्याला जी दिशा घड्याळाच्या उलट वाटते, ती बोल्टच्या डोक्यासाठी घड्याळाची असते. डावीकडे डोकी समोर दिसत होती म्हणून प्रश्न आला नाही. उजवीकडे मी नुसत्या हाताच्या सवयीवर गेलो आणि तीन हिसके देऊन तो बोल्ट आणखी आवळला. पाईपची लांबी धरून नंतर हिशेब केला. साधारण ६० सेंटिमीटर दांडा आणि टोकाला ४० किलोच्या आसपास जोर म्हणजे २३५ न्यूटन मीटर. जिथे १०७ हवेत तिथे दुपटीहून जास्त.

पुढचे पाच दिवस गेले ते त्या दोन मिनिटांपायी. बोल्ट खरा नासला तो तिथेच.

किल्ली आणून स्टेअरिंग डावीकडे वळवलं आणि फोन आत घालून फोटो काढला. षटकोनाच्या सहा कोपऱ्यांपैकी चार पार झिजले होते, दोन अर्धवट उरलेले. डोक्याभोवती चकाकणारा धातूचा चुरा. १७ च्या षटकोनी डोक्याचं समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं माप साडेएकोणीस मिलिमीटरच्या थोडं वर असतं. म्हणजे सपाट बाजूच्या पुढे कोपरा दोन्हीकडून जेमतेम सव्वा-सव्वा मिलिमीटर उभा असतो. पान्याची सगळी पकड त्या सव्वा मिलिमीटरवर. माझा रिंग पाना बारा कोनांचा होता. असा पाना लावायला सोपा, अडचणीत थोडा थोडा फिरवता येतो, पण तो कोपऱ्याच्या अगदी टोकाशी धरतो. शिवाय मी न बघता बसवलेला, त्यामुळे तो डोक्यावर तिरका आणि अर्धवट बसलेला असणार. गंजलेल्या बोल्टवर पहिला हिसका देण्यासाठी हा पाना चुकीचाच. सहा कोनांचा सॉकेट सपाट बाजूंवर दाब देतो. माझ्याकडे तो होता, पेटीतच होता.

त्या दिवशी पुढे काहीही ओढायचं नाही एवढं ठरवलं. हे ठरवणं मला जड गेलं, कारण हात शिवशिवत होते आणि उरलेले दोन कोपरे खुणावत होते.

आमच्या शेजारचे काका कारखान्यात फिटर होते. मायक्रोमीटरही त्यांचाच. संध्याकाळी ते आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “शेपूट कुठंय याची?”

मला कळेना. त्यांनी टॉर्च डिस्कच्या बाजूनं धरला. या गाडीत बोल्ट आतल्या बाजूनं येतो, स्टेअरिंग नकलच्या, म्हणजे चाक धरून वळवणाऱ्या भागाच्या, कानातून मोकळा आरपार जातो आणि ब्रॅकेटच्या आट्यांमध्ये बसतो. ब्रॅकेटच्या पलीकडे त्याचं टोक दोन-तीन आटे बाहेर निघालेलं होतं. चाकानं उडवलेलं पाणी आणि चिखल अकरा वर्षं त्या टोकावर बसलेला. आटे दिसतच नव्हते, लालसर तपकिरी खडबडीत गोळाच होता. काका म्हणाले, “हे सगळं तू आट्यांतून मागे ओढणार. आधी शेपूट साफ कर, मग डोक्याचं बघू.”

ही गोष्ट मला आधी कधी सुचली नव्हती. आपण डोक्याशी झगडतो, कारण पाना डोक्याला लागतो. पण लोखंड गंजलं की मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, आणि बाहेरच्या टोकावरचा फुगलेला गंज ब्रॅकेटच्या आट्यांत शिरला की पाचरीसारखा अडकतो. बोल्ट सुटू लागतो आणि मध्येच पुन्हा घट्ट होतो, त्यामागे अनेकदा हेच असतं.

रविवारची सकाळ त्या टोकात गेली. तारेचा ब्रश, मग जुना दात घासायचा ब्रश, मग टोकदार सुयानं आट्यांच्या खाचांतून एकेक चर मोकळा केला. लाल भुकटी खाली ठेवलेल्या कागदावर पडत होती. पाऊण तासानं आटे दिसू लागले, तीन पूर्ण आणि एक अर्धा. मग गंज सोडवणारं पातळ तेल दोन्हीकडून सोडलं, टोकाला आणि डोक्याखालच्या फटीत. डिस्क आणि पॅड फेकायचेच होते म्हणून तेल उडाल्याची फिकीर नव्हती. तेच पॅड पुन्हा वापरायचे असते तर ते आधी काढून दूर ठेवले असते, कारण तेल लागलेला पॅड ब्रेक धरत नाही. दर दोन-तीन तासांनी थोडं तेल आणि हातोडीचे पाच-सहा ठोके. जोरात नाहीत, नेमके. डोक्यावर लोखंडी पंच टेकवून सरळ रेषेत.

ठोके का, तर बोल्ट आवळताना आपण जो जोर लावतो त्यातला साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणून पकड निर्माण करायला उरतो तो जेमतेम दहावा हिस्सा. सोडवतानाही झगडा मुख्यतः या दोन घर्षणांशी असतो. सरळ ठोक्यानं डोक्याखालचा आणि आट्यांतला गंज तडकतो आणि तेलाला आत शिरायला फट मिळते. नुसतं तेल मारून लगेच पाना लावला तर ते तेल वरच राहिलेलं असतं.

मधल्या वेळात वरचा बोल्ट काढला. त्याचंही शेपूट घासलं, सहा कोनांचा सॉकेट हातोडीनं हलकेच ठोकून पूर्ण खाली बसवला, दिशा दोनदा बोटानं हवेत फिरवून पाहिली आणि लांब दांड्यानं सावकाश दाब वाढवत नेला. तो सुटला. कॅलिपर आधीच काढून स्प्रिंगला तारेनं टांगला होता. त्याचं वजन ब्रेकच्या रबरी पाईपवर येऊ देऊ नये, पाईप आतून फाटतो आणि बाहेरून कळतही नाही.

सोमवारी कामावरून आल्यावर खालच्या बोल्टला पहिला खरा प्रयत्न. १७ चा सहा कोनांचा सॉकेट आता त्याच्यावर सैल बसत होता, हातानंच डुगडुगत होता. तो लावून ओढलं असतं तर उरलेले दोन कोपरेही गेले असते. १६ चा इम्पॅक्ट सॉकेट घेतला. तो हातानं बसत नाही, बसूच नये. डोकं कानशीनं किंचित निमुळतं केलं आणि सॉकेट हातोडीनं ठोकून घातला. प्रत्येक ठोक्याला आवाज बदलतो. आधी पोकळ खणखण, मग आखूड, भरीव. आवाज भरीव झाला की सॉकेट तळाला टेकलेला असतो. या कामासाठी जाड भिंतीचा काळा इम्पॅक्ट सॉकेटच घ्यावा. चकचकीत क्रोमचा सॉकेट हातोडीखाली तडकून तुकडा उडू शकतो. डोळ्यांना चष्मा होताच.

मुलीला ‘दिशा बघ’ म्हटलं. ती पुढच्या अंगाला बसली आणि बोटानं हवेत गोल काढून म्हणाली, “असा.” मी दाब वाढवत गेलो. सॉकेटनं धरलं, दांडा किंचित वाकला, आणि मग डोक्याभोवतीचा धातू सोलला जाऊन सॉकेट घसरला. बाहेर काढून पाहिलं तर डोकं जवळजवळ गोल.

आता गरम करणं हा पुढचा उपाय, आणि इथे मी बराच विचार केला. बोल्टपासून दोन बोटांवर ब्रेकचा रबरी पाईप, त्याच्या बाजूनं एबीएसच्या सेन्सरची वायर, खाली बॉल जॉइंटचं रबरी बूट, आणि दोन दिवस मारलेलं तेल सगळीकडे ओलं. तिथे गॅसचा टॉर्च पेटवायला मन धजेना. आणखी एक गोष्ट यात जिवाशी येऊ शकते. क्लोरीनयुक्त द्रावक असलेला ब्रेक क्लीनर फवारून तो भाग तापवला तर फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो. डबीवर बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. तापवायचा भाग ब्रेक क्लीनरनं धुऊ नये, साबणाच्या पाण्यानं धुवावा आणि पूर्ण वाळू द्यावा. मी गाडीखाली गॅसचा टॉर्च पेटवला नाही.

बुधवारपर्यंत तेल आणि ठोके चालू ठेवले आणि झिजलेले बोल्ट काढायच्या खास सॉकेटचा संच मिळवला. या सॉकेटच्या आत सरळ कोपरे नसतात, उलट्या पिळाच्या धारदार चऱ्या असतात, आणि तो आत निमुळता होत जातो. सोडवायच्या दिशेनं जितकं फिरवाल तितका तो धातूत रुततो. स्क्रूसारखा निमुळता एक्स्ट्रॅक्टर, ज्याला सगळे इझी-आउट म्हणतात, तो मी मुद्दाम टाळला. त्यासाठी बोल्टच्या मधोमध भोक पाडावं लागतं, आणि तो एक्स्ट्रॅक्टर कठीण पण ठिसूळ असतो. आत तुटला तर साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही. बोल्ट तुटण्यापेक्षा ते संकट मोठं.

सॉकेट ठोकून बसवला, पाच-सहा दणके. दाब सावकाश वाढवला. पकड घट्ट होती, घसरण नाही. दांडा सरकू लागला.

पण हाताला जे लागलं ते मला आवडलं नाही. गंजलेला बोल्ट सुटतो तेव्हा जोर साठत जातो आणि मग एकदम मोकळा होतो, टक्‌ असा आवाज होतो, कधी किरर्र. इथे तसं काही नव्हतं. दांडा हळूहळू, मऊपणे सरकत होता, जोर न वाढता न घटता. ओलं जाड रबर पिळावं तसं. डोकं फिरत होतं. टोक फिरत होतं का, हे पाहायला मुलीनं टॉर्च शेपटीवर धरला. मी आधी तिथे पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवली होती. रेघ जागेवरच होती. डोकं फिरतंय आणि शेपूट नाही, म्हणजे मधला बोल्ट पिळला जातोय. शनिवारी उलट्या दिशेला दुपटीच्या जोरानं ताणलेला तो बोल्ट आता दुसरीकडे पिळवटला जात होता.

मी थांबलो, थोडा मागे आवळला, पुन्हा तेल, पुन्हा सोडला. पुढे-मागे असं चार वेळा केलं. पाचव्या वेळी वाळलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि सॉकेट डोक्यासकट माझ्या हातात आला.

डोकं हातात घेऊन मी तसाच खाली बसलो. तुटलेली बाजू राखाडी, दाणेदार, आणि एका कडेला गोल पिळाच्या रेषा उमटलेल्या. इतके दिवस जे होऊ नये म्हणून जपत होतो तेच झालं होतं. मुलगी काही बोलली नाही, टॉर्च बंद करून माझ्या शेजारी बसली.

काकांना फोन केला. ते म्हणाले, “डोकं गेलं ना? मग ताणही गेला. आता त्याला फक्त गंजानं धरलंय. ब्रॅकेट ओढून बघ.”

हे ऐकून मी उठलो. बोल्टची पकड म्हणजे त्याच्या ताणाची पकड. डोकं आणि आटे एकमेकांकडे ओढत असतात म्हणून मधले दोन भाग दाबले जातात. डोकं तुटलं की तो ताण त्याच क्षणी शून्य. नकलच्या कानातलं भोक तर मोकळंच असतं, आटे फक्त ब्रॅकेटमध्ये. तुटलेल्या टोकावर पितळी पंच टेकवून आतून बाहेर तीन ठोके दिले. ब्रॅकेट गंजाची भुकटी सांडत बोल्टच्या उरलेल्या दांड्यासकट बाहेर आलं. गाडीला आता कुठलंही नुकसान होण्यासारखं उरलं नव्हतं. उरलं होतं ते टेबलावरचं काम, आणि टेबलावर उजेड असतो, जागा असते, आजूबाजूला रबर नसतं.

त्या रात्री मला शांत झोप लागली.

गुरुवारी ब्रॅकेटच्या पिना आणि त्यांची रबरी बुटं काढून ठेवली. ब्रॅकेट साबणाच्या पाण्यानं धुतलं, वाळवलं. बोल्टचा साधारण दोन सेंटिमीटर दांडा बाहेर होता. कानशीनं त्याच्या समोरासमोर दोन सपाट बाजू केल्या. मग अंगणात, वाऱ्याला पाठ करून, गॅसचा टॉर्च. तापवायचा तो बोल्ट नाही, बोल्टभोवतीचं ब्रॅकेट. ज्योत आट्यांच्या भागाभोवती गोल फिरवत राहिलो.

किती फुगतं हे लोखंड? दर अंश सेल्सियसला लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश. १२ मिलिमीटरच्या भोकाचं तापमान २०० अंशांनी वाढलं तर भोक जेमतेम ०.०३ मिलिमीटरनं मोठं होतं. बोटाला ते कळणार नाही. पण ब्रॅकेट आधी तापतं आणि बोल्ट मागे राहतो, त्या वेळात गंजाचा थर ताणला जाऊन तडकतो. पोलादापेक्षा गंज ठिसूळ असतो, त्याला एवढी हालचालही सोसत नाही. खाचांतून धूर येऊ लागला, आत शिरलेलं तेल जळत होतं. तेल खरंच आत पोचलं होतं हे त्या धुरानं कळलं आणि मला फार बरं वाटलं. चार दिवसांचे ठोके वाया गेले नव्हते.

एकदा तापवून पूर्ण गार होऊ दिलं, तेल सोडलं, अर्धा तास थांबलो. सांडलेलं तेल पुसून दुसऱ्यांदा तापवलं. आणि मग काकांनी सांगितलेली युक्ती. मी व्हाइस-ग्रिप पकडीनं दांडा धरून फिरवणार होतो. ते म्हणाले होते, दांडा व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शेकंज्यात, आवळ आणि ब्रॅकेट फिरव. विचार केला तर किती सरळ. बोल्टचा दांडा लहान, त्याला धरायला जागा नाही. ब्रॅकेट लांब, तेच पान्याचं काम करतं. व्हाइसचे जबडे दोन सपाट बाजूंवर घट्ट बसले, जाड चामडी हातमोजे घातले, ब्रॅकेटच्या दोन टोकांना दोन हात.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग थोडं आवळायच्या दिशेनं, मग सोडायच्या. टिक्‌. इतका बारीक आवाज की मला वाटलं व्हाइस सरकला. पुन्हा, टिक्‌. बोल्टाच्या बाजूनं लाल भुकटीची पातळ रेषा टेबलावर पडली. या वेळी हाताला तो मऊपणा नव्हता, किरकिर होती, कोरडी, खरखरीत, अगदी हवी तशी. पाव फेरा पुढे, थोडा मागे, तेलाचा थेंब, पुन्हा पाव फेरा. तीन फेऱ्यांनंतर किरकिर गेली. सातव्या फेऱ्याला ब्रॅकेट मोकळं फिरू लागलं आणि शेवटी नुसत्या बोटांनी सुटलं. बोल्ट व्हाइसमध्ये उभा राहिला, ब्रॅकेट माझ्या हातात.

ते आटे मी भिंग घेऊन पाहिले. शेपटीकडचे तीन, जे ब्रशनं साफ केले होते, खडबडीत पण शाबूत. मधले काळे. डोक्याकडचे दोन आटे ताणले जाऊन एकमेकांपासून दूर गेलेले, नव्या बोल्टशेजारी धरले तर अंतराचा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता. शनिवारच्या तीन हिसक्यांचा तो पुरावा.

ब्रॅकेटच्या आट्यांत १२ बाय १.२५ चा टॅप, म्हणजे आटे कापायचं हत्यार, हातानं फिरवला, तेल लावून, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. नवे आटे कापायचे नव्हते, घाण काढायची होती. आटे ओरबाडलेले किंवा तुटलेले निघाले असते तर मी ब्रॅकेटच बदललं असतं; ब्रेकच्या जागी दुरुस्त केलेल्या आट्यांवर मी भरवसा ठेवणार नाही. इथे नवा बोल्ट शेवटपर्यंत बोटांनी गेला, कुठे अडला नाही, डुगडुगलाही नाही.

नवे बोल्ट चारही घेतले, डाव्या चाकाचे दोनसुद्धा. डोक्यावर १०.९ कोरलेलं आहे ना ते पाहून. पहिला आकडा म्हणजे तुटण्याची ताकद १००० मेगापास्कल, आणि दुसरा म्हणजे त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत तो कायमचा न ताणता टिकतो. कपाटातल्या डब्यातला मापाला बसणारा ८.८ चा बोल्ट इथे लावू नये, दिसायला सारखा असला तरी. काकांनी ग्रीस लावायला सांगितलं तेव्हा मात्र मी त्यांचं ऐकलं नाही. मॅन्युअलमधले १०७ न्यूटन मीटर कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी होते. ग्रीसनं घर्षण कमी झालं की तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. मी त्यांना तो निम्मा-चाळीस-दहाचा हिशेब सांगितला, त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “बरं, मग शेपटीला लाव. बोल्ट बसल्यावर बाहेर राहतं त्या टोकाला.” ते मी केलं, आणि ते अगदी योग्य होतं.

नकलचा कान तारेच्या ब्रशनं चकचकीत केला, डिस्क बसते त्या हबवरचा गंजही काढला. तो राहिला तर नवी डिस्क तिरकी बसते आणि थरथर पुन्हा सुरू होते. नवी डिस्क, ब्रॅकेट, दोन्ही बोल्ट आधी बोटांनी चार-पाच फेरे. स्टेअरिंग डावीकडे, डोकी समोर. टॉर्क पाना १०७ ला लावला आणि सावकाश ओढला. खट्‌. खालचा. मग वरचा. डावीकडचे दोनही नव्यानं बसवले.

चाकं चढवल्यावर गाडी सुरू करण्याआधी ब्रेकचं पेडल हळूहळू दाबलं. कॅलिपरचा पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं. ते घट्ट झाल्याशिवाय गाडी एक फूटही हलवू नये. पाचव्या दाबाला ते वर, कडक आलं. मग रिकाम्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून हलके हलके ब्रेक, मध्ये गार व्हायला वेळ देत, पंचवीस-तीस वेळा, नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना लागावेत म्हणून. पाय स्थिर होता. पेडल थरथरलं नाही.

चारही बोल्टांच्या डोक्यापासून नकलपर्यंत मी पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढून ठेवली होती. दोन आठवड्यांनी चाकं पुन्हा काढली. मुलगी आपणहून टॉर्च घेऊन गाडीच्या पुढच्या अंगाला जाऊन बसली आणि एकेक बोल्ट पाहत म्हणाली, “सरळ. सरळ. सरळ. आणि खालचा… सरळ.”